दिव्याशिवाय विकलेलं कासव

माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेली ती प्लास्टिकची परात नागपूरकरांच्या ओळखीची आहे. दोन बोटं पाणी, मधोमध एक उंचवटा, त्यावर प्लास्टिकचं माडाचं झाड आणि पाण्यात पंधरा-वीस हिरवी पिल्लं. पाच रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, डोळ्यामागे तांबडा पट्टा. सगळी एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. बघणाऱ्याला वाटतं, खेळताहेत. पण या कासवाला दिवसातले काही तास अंग पूर्ण कोरडं करून ऊन खायचं असतं. उंचवट्यावर जागा तिघांची आणि पिल्लं वीस, म्हणून जो तो दुसऱ्याच्या पाठीलाच कोरडी जमीन समजतो. वर ऊन नसतंच, ट्यूबलाइट असते. चढून काही मिळत नाही, तरी ती दिवसभर चढत राहतात.

हे लाल कानाचं कासव, दुकानातल्या भाषेत स्लायडर. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. काही शे रुपयांत जोडी मिळते, सोबत सुक्या झिंग्यांचा एक डबा आणि एक सल्ला: "काही नाही भाऊ, दाणे टाका, दोन दिवसांनी पाणी बदला, झालं." या एका वाक्यापायी जी कासवं मरतात त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. त्या अनुषंगाने इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको हे विदेशी सरडे-पाली आणि बॉल पायथन हा अजगर, यांच्याबद्दलही. माझं मत आधीच सांगतो: पेट शॉपच्या काउंटरवरून जिवंत सरपटणारा प्राणी विकायला परवानगी नसावी. दिवे, फिल्टर, टाक्या, खाद्य खुशाल विकावं. प्राणी नको.

याचं सगळ्यात मोठं कारण या प्राण्यांच्या शरीरात आहे. कुत्र्याचं पिल्लू दोन दिवस उपाशी राहिलं तर घर डोक्यावर घेतं. पोपट पिसं फुगवून बसतो, ते त्याच दिवशी दिसतं. सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे, त्यांचं शरीर फार सावकाश चालतं. आवाज नाही, तक्रार नाही. आज चुकीचं ठेवलेलं कासव पहिले दोन महिने छान पोहतं, खातं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खाणं कमी होतं, पाचव्यात डोळे सुजतात, सहाव्यात कवच मऊ पडतं. तोवर दुकानाची पावती हरवलेली असते, आणि घरच्यांना वाटतं की आपल्याच हातून काही चुकलं किंवा कासव नाजूक होतं. दुकानदाराला आपल्या सल्ल्याचा परिणाम कधी बघायलाच मिळत नाही, म्हणून तो सल्ला वर्षानुवर्षं बदलत नाही. कोणी मुद्दाम वाईट वागतो असं नाही. विक्रीची ही पद्धतच अशी आहे की चूक कळायच्या आत माल निघून गेलेला असतो.

चूक नेमकी कुठे होते, ते पाहू.

सूर्यप्रकाशात 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे जे किरण असतात त्यांना यूव्हीबी म्हणतात. ते कातडीवर पडले की शरीरात ड-3 जीवनसत्त्व तयार होतं, आणि ड-3 असेल तरच आतडं खाद्यातलं कॅल्शियम शोषतं. यूव्हीबी नसेल तर कितीही कॅल्शियम घाला, ते तसंच बाहेर पडतं. रक्ताला मात्र कॅल्शियम लागतंच. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून आणि कवचातून काढून घेतं. हाच तो कवच मऊ पडण्याचा आजार. सरड्यांमध्ये यानेच खालचा जबडा रबरासारखा वाकतो, पायाची हाडं उगाच मोडतात, पाठीला बाक येतो. एकदा वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

"आमच्या खिडकीत छान ऊन येतं," असं पुष्कळ जण सांगतात. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. टाकीच्या काचेतूनही नाही. उलट काचेची टाकी उन्हात ठेवली तर आतलं पाणी तापून कासव उकडून मरतं. परातीतलं दोन लिटर पाणी नागपूरच्या उन्हात चाळिशीपार जायला फार वेळ लागत नाही, आणि त्यापुढे कासव तग धरू शकत नाही.

म्हणून यूव्हीबीचा दिवा लागतो. नळीसारखा टी-5 दिवा असेल तर कासव जिथे कोरडं बसतं तिथून साधारण 30 सेंटिमीटर उंचीवर, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक न ठेवता, रोज 10 ते 12 तास. जाळी बारीक असेल तर तीही बराच प्रकाश खाते. नळी 12 महिन्यांनी बदलायची, वळ्यांचा छोटा बल्ब असेल तर 6 महिन्यांनी. तो पेटतो तसाच दिसत राहतो, पण त्यातला यूव्हीबी संपलेला असतो. हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून लावल्याची तारीख होल्डरवर मार्करने लिहून ठेवावी. अजून एक धोका: माशांच्या दुकानात पाणी निर्जंतुक करायचा 'यूव्ही' दिवा मिळतो. तो यूव्हीसी असतो. "यूव्हीच पाहिजे ना" म्हणून तो कासवाच्या डोक्यावर लावला तर कासवाचे आणि घरातल्यांचेही डोळे भाजतात. खोक्यावर 'बी' आहे की 'सी', हे वाचल्याशिवाय दिवा विकत घेऊ नये.

यूव्हीबीबरोबर उष्णताही लागते. बसायच्या जागेवर 32 ते 35 अंश, पाण्यात 24 ते 28 अंश. एवढा फरक असला की कासव स्वतःच ठरवतं कधी तापायचं, कधी निवायचं. त्याला स्वतःचं तापमान आतून राखता येत नाही, म्हणून टाकीतच गरम आणि थंड अशा दोन जागा हव्यात. दोन थर्मामीटर ठेवावेत, एक कोरड्या जागेवर आणि एक पाण्यात. हाताने पाहून अंदाज चुकतो.

आता टाकीचा हिशेब. ढोबळ नियम असा की कवचाच्या दर सेंटिमीटर लांबीमागे 15 लिटर पाणी. तीन सेंटिमीटरच्या पिल्लाला 45 लिटर, म्हणजे परातीची गोष्ट पहिल्याच दिवशी संपली. मादी वाढून 25 ते 30 सेंटिमीटर होते. 25 धरले तरी 375 लिटर. म्हणजे 5 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, जी काठोकाठ भरली तर 400 लिटर बसतं. पाण्याचंच वजन साडेतीनशे किलोच्या वर, काच आणि स्टँड वेगळं. ही टाकी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवायची गोष्ट नाही. नर लहान राहतो, पण पिल्लाच्या वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. आणि हे कासव नीट सांभाळलं तर 20 ते 30 वर्षं जगतं. चौथीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्या मुलाच्या मुलांनाही बघायला मिळेल.

विजेचं गणितही सांगतो. तापवायचा 75 वॅटचा दिवा 10 तास: पाऊण युनिट. यूव्हीबी 24 वॅट, 10 तास: पाव युनिटाला थोडं कमी. फिल्टर 20 वॅट, चोवीस तास: अर्धं युनिट. दिवसाला साधारण दीड, महिन्याला 44-45 युनिट. थंडीत एवढ्या पाण्यातले मिळून 400 वॅटचे हीटर दिवसातले आठ तास चालले तर रोज आणखी तीन युनिटांहून थोडं जास्त. परातीसमोर उभ्या असलेल्या बाबांना आणि लेकीला यातलं काहीच सांगितलं जात नाही. सांगितलं तर दहांतले नऊ जण कासव ठेवून परत जातील, आणि तेच योग्य होईल.

खाद्याचं घ्या. त्या डब्यातल्या सुक्या झिंग्यांत अ-जीवनसत्त्व नावापुरतं असतं. फक्त तेच खाणाऱ्या कासवाच्या पापण्या काही महिन्यांत सुजतात, मग डोळे बंद होतात. डोळे बंद झाले की ते खात नाही, कारण पाण्यात बघून खायची त्याची सवय. लोक माणसाचे डोळ्यांचे थेंब घालतात. दोष डोळ्यांत नसतोच, तो पोटातून आलेला असतो. दुसऱ्या टोकाचे लोक दुकानातून जीवनसत्त्वाचं औषध आणून भरमसाठ देतात, आणि अ-जीवनसत्त्व जास्त झालं की कातडी सोलून निघते. डॉक्टरांनी मात्रा ठरवल्याशिवाय ते देऊ नये. भात, पोळी, मुरमुरे, दूध यातलं काहीही कासवाचं खाद्य नाही.

बाकीच्या सरपटणाऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण गोष्ट तीच आहे, फक्त आकडे वेगळे. हिरवा इग्वाना वीतभर असताना विकला जातो आणि शेपटीसकट दीड मीटर होतो. त्याला खोलीएवढा पिंजरा, 70 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि पूर्ण शाकाहार लागतो. बॉल पायथनला एका टोकाला 31 ते 33 आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश हवं असतं. बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको कोरड्या मुलखातले, त्यांना 30-40 टक्क्यांवर आर्द्रता सतत राहिलेली सोसत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू, कारण नागपूरचा उन्हाळा या सगळ्यांचं गणित बिघडवतो.

या प्राण्यांची माहिती जिथे लिहिली गेली ते देश थंड. तिथल्या प्रत्येक पानावर 'उष्णता कशी द्यावी' हेच असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45-46 अंश, स्लॅबखालच्या बंद खोलीत 40 सहज. त्या खोलीतल्या पेटीचं 'थंड टोक' 40 अंशांवर असतं. गरम टोक बंद केलं तरी सापाला निवायला जागाच नाही. नागपुरात खरा खर्च थंड ठेवण्याचा आहे. दुकानदार मात्र थंडीत घालायचा हीटर तेवढा दाखवतो.

मग घरी कूलर लागतो. आपल्याकडचा लोखंडी, वाळ्याच्या टाट्यांचा मोठा कूलर खोली चांगली गार करतो, पण ती गार हवा ओली असते. तासाभरात खोलीतली आर्द्रता कितीतरी वाढते. कोरड्या मुलखातल्या सरड्याला ही ओली हवा महिनोन्महिने सोसत नाही आणि छाती भरते. स्लायडरला आर्द्रतेचं काही नाही, पण कूलरचा झोत थेट त्याच्या कोरड्या जागेवर आला तर अंग कधी वाळतच नाही. ओलं अंग, गार झोत, पुन्हा पाणी. यातून न्यूमोनिया होतो. कूलर आणि टाकी एकाच खोलीत असतील तर झोत भिंतीकडे वळवावा आणि टाकीच्या त्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा करावा.

मे महिन्यात पाणी 32 अंशांच्या वर जायला लागलं की हे करायचं: टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्य तर तळमजल्यावर. तापवायचा दिवा दुपारी बंद, यूव्हीबी चालू. पाण्याच्या बंद बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टाकीत तरंगत ठेवायच्या, 50 लिटरमागे एक लिटरची एक, आणि पाणी तासाला दोन अंशांहून जास्त उतरू द्यायचं नाही. थेट बर्फ टाकू नये. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त फिल्टर ठेवावा, तो 20 वॅटचा, सहज चालतो. दिवे चार तास बंद राहिले तर काही बिघडत नाही. फिल्टर मात्र दुपारभर बंद पडला तर त्यातले उपयोगी जिवाणू गुदमरतात आणि पाण्यात घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढतो.

हिवाळ्यात उलट. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या खाली उतरतं आणि खोलीतलं पाणी 16-17 वर येतं. कासव खातं, पण थंड पोटात ते पचत नाही, आतच कुजतं. म्हणून हीटर लागतो: 75 ते 100 लिटरमागे 100 वॅट. काचेच्या हीटरला प्लास्टिकची जाळी हवीच. मोठं कासव टाकीत धडका मारतं, काच फुटते आणि पाण्यात करंट उतरतो. त्या बोर्डाला अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असल्याशिवाय हीटर लावू नये. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर कोरडा पडलेला तापलेला हीटर नवं पाणी लागताच तडकतो.

पावसाळ्याबद्दल एवढंच की जे लोक सकाळच्या उन्हावर विसंबून असतात त्यांचा यूव्हीबी जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे जातो. तेवढ्यासाठी तरी दिवा पाहिजेच.

कायद्याबद्दल दुकानांत फार गोंधळ असतो, आणि तो गिऱ्हाइकाला महागात पडतो. देशी कासवं, साप, घोरपड, मांडूळ यांचा व्यापार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. 2022च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या अनुसूची, म्हणजे त्याला जोडलेल्या याद्या, सहावरून चारवर आल्या. ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं आणि किमान 25 हजार दंड. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव 'वास्तूसाठी शुभ' म्हणून कोणी घरपोच आणून देतो म्हणाला तर तो तुम्हाला या कलमांत ओढतो आहे. आपल्या देवळात देवासमोर दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करावा. जिवंत कासव टबात ठेवल्याने घराची भरभराट होत नाही.

विदेशी प्राण्यांपैकी जे साइटीस या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, उदाहरणार्थ बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना, ते आता चौथ्या अनुसूचीत येतात. 2024च्या फेब्रुवारीत आलेल्या नियमांनुसार ते पाळणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची. जुन्या पाळणाऱ्यांना सहा महिने मुदत होती, नवा प्राणी घेतला तर 30 दिवस. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. म्हणून बॉल पायथन विकणाऱ्याकडे तो कुठून आला याचा कागद असायलाच हवा. "कागद नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाला तर उठून यावं.

लाल कानाचं कासव इथलं नाही, म्हणून देशी कासवांना मिळणारं संरक्षण त्याला नाही, आणि म्हणूनच ते उघड्यावर विकलं जातं. पेट शॉपसाठी 2018चे नियम आहेत, दुकानाची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. त्या नियमांत नावं येतात ती कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर, पक्षी यांची. सरपटणारे प्राणी 'ज्यांच्या व्यापाराला इतर कायद्याने बंदी नाही असे इतर प्राणी' या एका ओळीत जातात. त्या ओळीत यूव्हीबी नाही, तापमान नाही, कोरडी जागा नाही. एवढी तपशीलवार गरज असलेला प्राणी 'इतर' म्हणून सोडून दिलेला आहे.

उघड्या व्यापाराला आणखी एक धोका चिकटलेला आहे. ज्या परातीत स्लायडर बसतात त्याच परातीत देशी पिल्लं खपून जातात. गंगेच्या खोऱ्यातली तंबूसारख्या कवचाची पिल्लं आणि स्लायडर यांतला फरक नवख्याला कळत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन कच्छप'मध्ये नागपूर, भोपाळ आणि चेन्नई इथे कारवाई करून गंगेच्या खोऱ्यातल्या कासवांची 955 जिवंत पिल्लं पकडली, सहा जणांना अटक केली. यात नागपूर असणं नवल नाही. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग आपल्याकडेच एकमेकांना छेदतात. लाल पट्टा शोधावा: तो डोळ्याच्या अगदी मागे, रुंद आणि ठळक असतो. तो नसेल तर हात न लावता वनविभागाला कळवावं.

विक्रीवर बंदी आली तर धंदा लपूनछपून होईल, हा आक्षेप खरा आहे. मोबाइलवर आणि कुरिअरने तो आजही होतो. म्हणून नुसती बंदी पुरत नाही. जपानने 1 जून 2023 पासून लाल कानाच्या कासवाची आयात, विक्री आणि मोकळ्या पाण्यात सोडणं बंद केलं, पण आधीपासून घरी असलेलं कासव पाळायला परवाना मागितला नाही. तो मागितला असता तर घाबरून लोकांनी रात्रीतून कासवं तळ्यांत सोडली असती. हा समजूतदारपणा मला फार मोलाचा वाटतो. युरोपीय संघाने या कासवाची आयात 1997 मध्येच थांबवली. आणि ज्या अमेरिकेतलं हे कासव, तिथेच 1975 पासून चार इंचांहून लहान कासव विकायला बंदी आहे. कारण साल्मोनेला. कासव निरोगी दिसतं तरी विष्ठेतून हा जिवाणू अधूनमधून सोडत राहतं, आणि लहान मुलं नाण्याएवढं कासव थेट तोंडात घालतात. आपल्याकडे नेमकं तेच नाण्याएवढं पिल्लू सगळ्यात जास्त विकलं जातं.

आपल्याकडेही तसंच व्हावं: काउंटरवरची विक्री बंद, घरी असलेल्यांची साधी नोंदणी, आणि ज्यांना खरोखर पाळायचंय त्यांनी नोंदणीकृत प्रजनन करणाऱ्याकडून, टाकी आणि दिवे पंधरा दिवस चालवून दाखवल्यावर प्राणी घ्यावा. पंधरा दिवसांची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्याने रिकाम्या टाकीचं तापमान पंधरा दिवस लिहून ठेवलं तो माणूस कासव सांभाळेल. दुकानदाराचंही यात नुकसान नाही. एका पिल्लात सुटतात त्याहून जास्त पैसे दिवा, फिल्टर आणि दर वर्षी बदलायच्या नळीत सुटतात.

घरी आधीच कासव असेल तर पुढचं त्यांच्यासाठी.

पहिल्या दिवशी वजन आणि कवचाची लांबी वहीत लिहा, मग दर महिन्याला. स्वयंपाकघरातला काटा वापरू नका, वेगळा घ्या. कवच नखाने हलकं दाबून बघा. अगदी छोट्या पिल्लाचं कवच थोडं दबतं, ते ठीक आहे. वर्षाच्या कासवाचं दबलं तर यूव्हीबी कमी पडतो आहे. कवचाला खोबरेल किंवा मोहरीचं तेल लावू नका, त्याने धूळ चिकटते आणि खाली बुरशी धरते. मोठ्या होणाऱ्या कासवाच्या पाठीवरचे पातळ पापुद्रे आपोआप सुटतात, ते ओढू नका.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस उत्तम. इतवारीत जडीबुटी विकणाऱ्या दुकानांत मिळतो. मागचा कडक थर सोलून टाकायचा आणि बोटभर तुकडा पाण्यात तरंगत ठेवायचा. कासव त्याला हवा तेव्हा कुरतडतं. लहान असताना रोज कासवाच्या डोक्याएवढं दाण्यांचं खाद्य, मोठं झालं की दिवसाआड, आणि निम्म्याहून जास्त हिरवं. विदर्भात पुष्कळ शेतकरी जनावरांसाठी अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती लावतात, ती कासवांना आवडते. शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस चालतो. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

पाणी आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचं, पूर्ण नाही. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घालायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरिनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि ते पुन्हा जमायला महिना-दीड महिना जातो. टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात पिळा. ते पाणी मोरीत किंवा भांडी घासायच्या जागी ओतू नका, अंगणातल्या फुलझाडांना घाला. हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा खूप म्हातारं माणूस असेल तर त्यांनी कासव हाताळू नये.

कासव एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा दिवसरात्र कोरड्यावरच बसून राहत असेल तर छातीचा आजार समजा आणि दोन दिवसांच्या आत पशुवैद्य गाठा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना पाण्याच्या पिशवीत नेऊ नका, आजारी कासव त्यात बुडू शकतं. भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर फडक्यावर ठेवा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा आणि डबा बंद गाडीत ठेवून पाच मिनिटंही कुठे थांबू नका.

आणि सांभाळणं खरोखरच जमत नसेल तर फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर तलावात किंवा विहिरीत सोडू नका. सोडणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं. अंबाझरीचा ओव्हरफ्लो नागनदीत येतो, नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. त्याच वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा-गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत. त्या पाण्यात आपली देशी कासवं अजून टिकून आहेत. स्लायडर त्यांच्याहून आक्रमक, ऊन खायच्या दगडांवरून आणि लाकडांवरून त्यांना हुसकावतो, सोबत परातीतले आजार आणि परजीवी नेतो. अंडी घातली नाहीत तरी एक कासव तिथे वीस वर्षं बसून राहील.

त्याऐवजी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा, किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वनविभागाचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र) विचारून मगच जा, न विचारता दारात ठेवून येऊ नका. फोनवर चार गोष्टी सांगा: डोळ्यामागे लाल पट्टा आहे की नाही, कवचाची लांबी किती सेंटिमीटर, शेवटचं कधी खाल्लं, आणि किती वर्षं घरात आहे. फोटो वरून एक, पोटाच्या बाजूने एक, डोक्याचा जवळून एक.